जुना मिनी-डीव्ही हँडीकॅम: टेपा उतरवणं, चित्रीकरण आणि फोटो

मिनी-डीव्ही म्हणजे छोट्या डिजिटल कॅसेटवर चित्रीकरण करणारा हँडीकॅम. त्यात खरं तर तीन यंत्रं एकत्र बसवलेली असतात. लेन्स, सीसीडी (प्रकाशाचं चित्र करणारी चिप) आणि माइक हा झाला कॅमेरा. फिरता ड्रम, त्यावरची टेप लिहिणारी-वाचणारी दोन हेड्स आणि कॅसेट ओढून घेणारी यंत्रणा हा टेपचा भाग. आणि ज्या मेमरी कार्डावर फोटो साठतात, तो तिसरा. हे तिन्ही भाग वेगवेगळे बिघडतात, त्यामुळे एक गेला म्हणून सगळा कॅमेरा टाकून देऊ नये. लेन्समधून काहीच दिसत नसलेला हँडीकॅम घरातल्या बारशाची, मुंजीची कॅसेट मात्र व्यवस्थित दाखवू शकतो, आणि आज त्याचं सर्वांत मोलाचं काम तेच आहे.

डीव्ही (डिजिटल व्हिडिओ) ही पद्धत १९९५ मध्ये बाजारात आली. २००० नंतरच्या दशकात सोनीचे डीसीआर-टीआरव्ही आणि डीसीआर-एचसी, पॅनासोनिकचे एनव्ही-जीएस, कॅननचे एमव्ही हे कॅमेरे आपल्याकडे खूप विकले गेले. खाली बटणांची आणि मेन्यूची नावं सोनीची दिली आहेत. इतर कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत नावं थोडी बदलतात, काम तेच असतं. आमचा आग्रह एकाच क्रमाचा आहे: आधी जुन्या टेपा संगणकावर उतरवून घ्या, नवीन शूटिंग त्यानंतर. टेपची यंत्रणा दर तासाला झिजते, आणि ती कोणत्या दिवशी थांबेल हे सांगता येत नाही.

सुरू करण्याआधीची तपासणी

पहिल्यांदा बॅटरी लावू नका, अ‍ॅडॉप्टर वापरा. सोनीच्या बहुतेक मॉडेलना ८.४ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लागतो. कॅमेऱ्यावर लिहिलेला आकडा आणि अ‍ॅडॉप्टरवरचा आकडा जुळवून पाहा. बॅटरी फुगलेली असेल तर ती चार्जही करू नका. अ‍ॅडॉप्टरचा आग्रह अशासाठी, की कॅसेटचा कप्पा मोटरवर उघडतो. अर्ध्यात वीज संपली तर कप्पा तिथेच अडकतो आणि टेप ड्रमभोवती गुंडाळलेली राहते.

तारीख-वेळ गेलेली असेल तर घाबरू नका. घड्याळासाठी आत एक छोटी चार्ज होणारी बॅटरी असते आणि ती वापराविना काही महिन्यांत उतरते. पॉवर स्विच बंद ठेवून कॅमेरा २४ तास अ‍ॅडॉप्टरवर ठेवला की ती भरते. मग तारीख नक्की लावा. डीव्हीमध्ये प्रत्येक फ्रेमबरोबर तारीख-वेळ वेगळी नोंदली जाते. ती चित्रावर छापली जात नाही, पण पुढे संगणकावर प्रसंग वेगळे करायला तीच कामाला येते.

आता टेप न घालता कॅमेरा मोड लावा आणि पडद्यावर पाहा. चित्र स्वच्छ असेल तर पहिला भाग ठीक. चित्र काळं, जांभळट, आडव्या रेषांनी फाटलेलं किंवा वितळल्यासारखं दिसत असेल तर सीसीडीचा दोष समजा. सोनीने २००२ च्या अखेरीपासून २००४ च्या सुरुवातीपर्यंत बनवलेल्या अनेक सीसीडींमध्ये उष्णता आणि दमटपणामुळे आतली जोडणी सुटायची. २००५ मध्ये कंपनीने ते जाहीर केलं. इतर अनेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांतही तेच सीसीडी होते. मुंबई, कोकण, गोवा या हवेत असा कॅमेरा जुन्या बाजारात घेताना ही तपासणी चुकवू नका. मात्र टेपा वाचण्यापुरताच कॅमेरा हवा असेल, तर हा दोष अजिबात आडवा येत नाही.

त्यानंतर टेप. आधी एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट घ्या, एकुलती एक लग्नाची नको. कॅसेटच्या खिडकीतून आत पाहा. टेपच्या कडेवर पांढुरके ठिपके किंवा पावडर दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट लावली की बुरशी हेडवर जाते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर. ती बाजूला ठेवा आणि टेप स्वच्छ करून देणाऱ्या व्यावसायिकाकडे द्या.

कॅसेट घालताना खिडकी बाहेरच्या बाजूला ठेवा. कप्प्यावर जिथे ‘पुश’ लिहिलं आहे तिथेच बोटाने दाबा आणि हात काढा. कप्पा स्वतःहून आत जाईल. तो पूर्ण आत गेल्यावरच बाहेरचं झाकण लावा. घाईने झाकण दाबल्यामुळे यंत्रणा तिरकी होते, आणि हँडीकॅम दुरुस्तीला जाण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे.

पडद्यावरचे कोड आणि चित्रातले चौकोन

सोनीचे कॅमेरे अडले की कोड दाखवतात. सी:०४ म्हणजे बॅटरी कंपनीच्या पद्धतीची नाही. सी:२१ म्हणजे आत दव धरलं आहे. सी:२२ म्हणजे हेड घाण झाली आहेत. सी:३१ किंवा सी:३२ आलं तर कॅसेट बाहेर काढा, वीज तोडा, थोडा वेळ थांबून पुन्हा लावा. पुन्हा तेच आलं तर दोष यंत्रणेत आहे. ई:६१, ई:६२ असे ई-चे कोड घरी सुटत नाहीत.

दव हा आपल्याकडचा रोजचा प्रश्न. एसी हॉलमधून किंवा एसी गाडीतून थंड झालेला कॅमेरा दमट हवेत काढला की ड्रमवर पाण्याचा थर बसतो आणि टेप त्याला चिकटते. थंड जागेतच कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा, बाहेर आल्यावर तासभर पिशवी उघडू नका. सी:२१ आलंच तर कॅसेट काढून, झाकण उघडं ठेवून तासभर थांबा. हेअर ड्रायर वापरू नका.

चित्रात चौकोन उडत असतील तर ते कसे उडतात ते नीट पाहा. पॅल (आपल्याकडची व्हिडिओ पद्धत) डीव्हीची एक फ्रेम टेपवर १२ तिरक्या पट्ट्यांत लिहिली जाते आणि दोन हेड्स आलटून पालटून एकेक पट्टी वाचतात. म्हणून चित्रात एक आडवा पट्टा नीट आणि त्याखालचा गोठलेला, असं आलटून पालटून दिसलं तर एक हेड बुजलं आहे. चौकोन कुठेही तुरळक उडत असतील तर टेपवर ओरखडा किंवा धूळ असू शकते. हेड बुजलं असेल तर कोरडी क्लीनिंग कॅसेट लावून फक्त १० सेकंद चालवा आणि थांबवा. ती मागे गुंडाळून तोच भाग पुन्हा वापरू नका, कारण तिथे घाण चिकटलेली असते. दोन-तीनदा करूनही फरक पडला नाही तर थांबा. ही टेप हेड घासूनच साफ करते.

एक अडचण साफसफाईने सुटत नाही. टेप एलपी (लाँग प्ले, म्हणजे संथ) वेगात भरलेली असेल तर ६० मिनिटांच्या कॅसेटवर ९० मिनिटं मावतात, पण टेपवरची पट्टी १० मायक्रॉनऐवजी जेमतेम ६.७ मायक्रॉन रुंद राहते. ज्या कॅमेऱ्यावर भरली तोच तिला नीट वाचतो, दुसऱ्यावर चौकोन आणि तुटका आवाज. म्हणून अशा टेपा ज्या कॅमेऱ्यावर भरल्या तो घरात असेल, भले त्याचा सीसीडी गेलेला असो, तर तो सांभाळा.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेल्या कॅमेऱ्यांचं वेगळं आहे. ते एनटीएससी पद्धतीचे, म्हणजे ७२०×४८० आणि सेकंदाला २९.९७ फ्रेमचे. आपले पॅल, ७२०×५७६ आणि २५ फ्रेमचे. घरगुती पॅल कॅमेरे सहसा एनटीएससी टेप दाखवत नाहीत. एनटीएससी कॅमेऱ्याने इथे ट्यूबलाइटखाली शूट केलं की चित्र लुकलुकतं, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. शटर हाताने १/१०० वर ठेवलं की ते थांबतं.

टेप संगणकावर घेणं

इथे लोक सर्वांत जास्त फसतात. कॅमेऱ्याला यूएसबी पोर्ट असतो, म्हणून त्यातून टेप येईल असं वाटतं. तो पोर्ट मुख्यतः कार्डावरच्या फोटोंसाठी आहे. काही मॉडेलमध्ये यूएसबीतून चित्र येतं, पण ते वेबकॅमच्या दर्जाचं. टेपवरचा मूळ डेटा जसाच्या तसा बाहेर येतो तो डीव्ही पोर्टातून. यालाच सोनी आय-लिंक म्हणते आणि संगणकवाले फायरवायर. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची तार लावून घेतलेलं चित्र अ‍ॅनालॉग होऊन येतं, म्हणजे दर्जा उगाच गमावतो.

एका टोकाला फायरवायर आणि दुसऱ्या टोकाला यूएसबी असलेली स्वस्त तार विकत घेऊ नका. आत कोणतंही सर्किट नसतं. दोन्ही पद्धती वेगळ्या भाषेत बोलतात, त्यामुळे अशा तारेतून काहीच येत नाही. डेस्कटॉप असेल तर पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसणारं फायरवायर कार्ड घ्या, त्यावर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असेल तर उत्तम. २०१० च्या आसपासचा फायरवायर पोर्टवाला जुना लॅपटॉप मिळाला तर तो या कामाला छान आहे. मॅकवर अ‍ॅपलचा थंडरबोल्ट-फायरवायर जोड चालतो, पण मॅकओएस २६ मध्ये फायरवायरचा आधार काढून टाकला आहे. म्हणून त्याआधीची प्रणाली असलेला मॅक लागेल. विंडोज ८ पासून पुढे कॅमेरा ओळखला गेला नाही तर मायक्रोसॉफ्टचा ‘लेगसी’ १३९४ (फायरवायरचाच क्रमांक) ड्रायव्हर वेगळा टाकून डिव्हाइस मॅनेजरमध्ये तो निवडावा लागतो.

पुढचा क्रम असा ठेवा.

१. कॅमेरा आणि संगणक दोन्ही बंद असताना तार जोडा. कॅमेऱ्याकडची पिन चार खुंटांची, संगणकाकडची बहुधा सहा खुंटांची असते. सहा खुंटांच्या पिनेतून वीजही जाते. ती उलटी दाबून बसवली तर कॅमेऱ्याचा डीव्ही पोर्ट कायमचा जळतो. पिनेचा निमुळता भाग पोर्टशी जुळला का ते पाहा, जोर लावू नका.

२. कॅसेटवरची सरक-खूण ‘सेव्ह’कडे करा, म्हणजे चुकून त्यावर रेकॉर्ड होणार नाही.

३. कॅमेरा अ‍ॅडॉप्टरवर, प्ले किंवा व्हीसीआर मोडमध्ये. बरीच वर्षं न हललेली टेप आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग मागे गुंडाळा. थर सुटे होतात आणि ताण सारखा होतो.

४. विंडोजवर विनडीव्ही हा छोटा मोफत प्रोग्राम पुरतो. टाइप-२ एव्हीआय निवडा. नोंदलेल्या वेळेत खंड पडला की नवीन फाइल सुरू करण्याची सोय त्यात आहे, ती लावली तर प्रसंग आपोआप वेगळे होतात. टेपा खराब असतील तर डीव्हीरेस्क्यू हा प्रोग्राम पाहा. कोणत्या फ्रेममध्ये किती बिघाड आहे ते तो दाखवतो आणि एकच टेप अनेकदा वाचून चांगले भाग एकत्र जोडू शकतो.

५. टेप चालते तेवढाच वेळ लागतो. एका तासाला सुमारे १३ जीबी जागा धरा. शक्यतो दुसरा जड प्रोग्राम चालवू नका, फ्रेम गळतात. शेवटी गळलेल्या फ्रेमचा आकडा शून्य आहे ना ते पाहा.

या मूळ फाइल पुसू नका. घरच्यांना पाठवायला लहान प्रत वेगळी करा. ती करताना दोन गोष्टी सांभाळा. पहिली, डीव्हीचं चित्र इंटरलेस्ड असतं. प्रत्येक फ्रेममध्ये सम आणि विषम ओळींची दोन अर्धी चित्रं असतात, खालची ओळ आधी. तसंच ठेवलं तर मोबाइलवर हलणाऱ्या हातांच्या कडा कंगव्यासारख्या दिसतात. हँडब्रेक या प्रोग्राममध्ये डीइंटरलेसला (अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करण्याला) ‘बॉब’ पर्याय निवडून सेकंदाला ५० फ्रेम ठेवा, हालचाल मुळासारखी सलग राहते. दुसरी गोष्ट, डीव्हीचे पिक्सेल चौकोनी नसतात. साधं ४:३ चित्र ७६८×५७६ करावं लागतं, रुंद पडद्याचं १०२४×५७६. हे केलं नाही तर माणसं जाड किंवा काटकुळी दिसतात.

नवीन चित्रीकरणासाठी सेटिंग

टेपा उतरल्या की मग शूटिंग. मेन्यूमध्ये आधी चार गोष्टी बदला. रेकॉर्डिंगचा वेग एसपी (नेहमीचा वेग) करा. आवाज १६ बिट करा. सोनीत तो मुळात १२ बिटवर असतो. १२ बिटमध्ये ३२ किलोहर्ट्झने नोंद होते, १६ बिटमध्ये ४८ ने, आणि हार्मोनियम किंवा टाळांचा आवाज ऐकला की फरक कळतो. तिसरं, डिजिटल झूम बंद. खोक्यावर ८०० पट लिहिलेलं असलं तरी लेन्सचा खरा झूम २० पट असतो, पुढचं सगळं चित्राचा मधला तुकडा ताणून मोठा केलेला. आणि चौथं, फेड, सेपिया, जुना सिनेमा असे सगळे इफेक्ट बंद. ते टेपवर कायमचे उमटतात, आणि संगणकावर हवे तेव्हा नंतर घालता येतात.

नवीन कॅसेटची पहिली १५-२० सेकंदं लेन्सवर झाकण ठेवून भरा, सुरुवातीचा भाग सर्वांत जास्त ताणला जातो. मधे टेप मागे घेऊन पाहिली तर पुढे रेकॉर्ड करण्याआधी ‘एंड सर्च’ दाबा. मधे कोरी जागा राहिली तर टाइमकोड (टेपवरची वेळमोजणी) पुन्हा शून्यापासून सुरू होतो आणि संगणकावर घेताना तिथे फाइल तुटते.

स्टॅबिलायझर (हात हलल्याने होणारी थरथर कमी करणारी सोय) हातात धरताना चालू, ट्रायपॉडवर बंद. या कॅमेऱ्यांत तो बहुधा इलेक्ट्रॉनिक असतो. ट्रायपॉडवर कॅमेरा सावकाश फिरवला तर तो आधी चित्र धरून ठेवतो आणि मग एकदम सोडतो. ट्रायपॉडचा स्क्रू ५.५ मिलिमीटरपेक्षा लांब नको, आत घुसून तळाला इजा करतो. खालून कॅसेट घालायचं मॉडेल असेल तर कॅसेट बदलायला दर वेळी ट्रायपॉडवरून उतरवावं लागतं, हे गॅदरिंगच्या मध्यंतराआधी लक्षात ठेवा.

रंगमंचावर ऑटो एक्सपोझर (उजेड आपोआप ठरवणारी सोय) फसतो. मागे काळा पडदा, पुढे प्रखर दिवा, आणि कॅमेरा काळ्याला उजळ करायला जाऊन चेहरा पांढराफट्ट करतो. ‘स्पॉटलाइट’ मोड लावा. टचस्क्रीन असलेल्या मॉडेलमध्ये स्पॉट मीटर लावून चेहऱ्यावर बोट टेका. फोकस एकदा चेहऱ्यावर बसवून मॅन्युअलवर टाका, नाहीतर दिवे मंद होताच लेन्स पुढे-मागे शोधत राहते. रंगांसाठी व्हाइट बॅलन्स (दिव्याप्रमाणे रंग जुळवणारं सेटिंग) ‘इनडोअर’वर धरा. उलट दिशेने, खिडकीपुढे किंवा आकाशापुढे माणूस काळा दिसला तर बॅकलाइटचं बटण.

नाइटशॉट फक्त काळोखात वापरा. त्यात इन्फ्रारेड दिवा लागतो आणि इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर बाजूला होतो, म्हणून चित्र हिरवट, एकरंगी. दिव्याची पोच तीनेक मीटर. उजेडात तो चालू राहिला तर रंग बिघडतात. ‘रंग गेले’ म्हणून दुरुस्तीला आलेल्या कॅमेऱ्यात आधी हे बटण पाहावं.

फोटो

अशा हँडीकॅमवर फोटो तीन वाटांनी निघतो आणि तिन्हींचा दर्जा वेगळा असतो. जुन्या मॉडेलमध्ये फोटोचं बटण दाबलं की गोठलेलं चित्र टेपवर सुमारे ७ सेकंद भरलं जातं, आजूबाजूच्या आवाजासह. टेप उतरवताना असे थांबलेले तुकडे दिसले तर ते बिघाड नाहीत, ते फोटो आहेत. त्यांचा आकार व्हिडिओएवढाच, म्हणजे ०.४ मेगापिक्सेल.

दुसरी वाट टेप चालू असताना कार्डावर फोटो. सोनीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये तो ६४०×४८० एवढाच मिळतो, मेन्यूत मोठा आकार निवडला असला तरी.

तिसरी वाट खरी: स्विच मेमरी मोडवर. एक मेगापिक्सेलच्या सीसीडीवर ११५२×८६४ चा फोटो मिळतो, कारण इथे पूर्ण सीसीडी वापरला जातो. व्हिडिओ घेताना त्याचा काही भाग स्टॅबिलायझरसाठी राखलेला असतो. बटण अर्धं दाबून धरा, फोकसची खूण स्थिर होऊ द्या, मग पूर्ण दाबा. दाबल्यावर क्षणभर हात हलवू नका, चित्र नोंदायला या कॅमेऱ्यांना वेळ लागतो. पळणारं मूल यात पकडता येत नाही, त्यासाठी व्हिडिओच घ्या. व्हिडिओतली फ्रेम वेगळी काढायची असेल तर माणूस स्थिर असलेला क्षण निवडा आणि आधी डीइंटरलेस करा.

छपाईचं गणित साधं आहे. ४×६ इंचाच्या फोटोला ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) १२००×१८०० पिक्सेल लागतात. ११५२×८६४ चा फोटो त्या आकारात १९० डीपीआयच्या आसपास बसतो, हातात धरून पाहायला चालतो. ८×१० इंच छापू नका. व्हिडिओतली फ्रेम पाकिटाच्या आकारापलीकडे नेऊ नका.

कार्डाची गोष्ट महत्त्वाची. जुना मेमरी स्टिक स्लॉट मेमरी स्टिक प्रो वाचत नाही, कार्ड आत बसलं तरी. मूळ मेमरी स्टिक १२८ एमबीपर्यंतच होती. फाइन दर्जाचा ११५२×८६४ फोटो सुमारे ५०० केबी घेतो, म्हणजे १६ एमबीच्या कार्डावर तीसेक फोटो. एसडी स्लॉट असलेल्या २००६ आधीच्या कॅमेऱ्यांत २ जीबीपर्यंतचं साधं एसडी घ्या, एसडीएचसी त्यांना ओळखता येत नाही. कार्ड संगणकावर नाही, कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. फोटो ‘डीसीआयएम’ फोल्डरमध्ये मिळतात. हँडीकॅम विकत घेताना किंवा देताना त्यात राहिलेलं कार्ड आणि कॅसेट काढून पाहा. आणि फोटो कार्डावरून घेतल्यावर, मोजून, एकेक उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसू नका.